गर्भाशयातील गाठी, उपचारांचे पर्याय आणि निर्णयाचा अधिकार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोध आणि शोधकर्ते यांच्या क्रमाने लिहिला जातो. एक उपचार आला, त्याच्या जागी दुसरा अधिक चांगला उपचार आला, अशी त्याची मांडणी असते. स्त्रियांच्या आजारांच्या बाबतीत मात्र ही मांडणी अपुरी पडते. उपचार उपलब्ध असणे आणि तो स्त्रीपर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या दोहोंमधील अंतर पाहिल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही.

गर्भाशयातील तंतुमय गाठी, म्हणजेच फायब्रॉइड, हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. हा आजार अतिशय सार्वत्रिक आहे. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सोनोग्राफीवर आधारित अभ्यासात, वयाच्या पन्नाशीपर्यंत सुमारे ७० टक्के श्वेतवर्णीय आणि ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये अशा गाठी निर्माण होतात, असा अंदाज मांडण्यात आला. यांपैकी बहुसंख्य स्त्रियांना कोणताही त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्या वाट्याला मात्र अतिरिक्त रक्तस्राव, पांडुरोग, ओटीपोटातील जडपणा, वारंवार लघवीला जावे लागणे आणि काही वेळा वंध्यत्व येते. ग्रामीण महाराष्ट्रात 'अंगावरून जाणे' आणि 'पिशवीत गाठ असणे' या शब्दांनी हा त्रास सांगितला जातो आणि 'पिशवी काढून टाकणे' हाच त्यावरील इलाज समजला जातो. हा एकच इलाज कसा रूढ झाला, त्याला पर्याय केव्हा निर्माण झाले आणि पर्याय असूनही निवड का होत नाही, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात करण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

१. फायब्रॉइडवरील उपचारांच्या विकासाचे प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.
२. गर्भाशय काढणे आणि गर्भाशय राखणे या दोन विचारप्रवाहांमधील संघर्षाचा मागोवा घेणे.
३. भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, परिस्थितीच्या संदर्भात निर्णयाच्या अधिकाराची चिकित्सा करणे.

आजाराचे स्वरूप आणि नामकरण :

स्त्रीच्या पोटात वाढणाऱ्या गाठीची नोंद प्राचीन ग्रंथांत आढळते. चरकसंहितेत 'रक्तगुल्म' हा केवळ स्त्रियांना होणारा विकार सांगितला असून त्याची लक्षणे गर्भधारणेसारखी भासतात, असे म्हटले आहे. म्हणून दहावा महिना उलटल्यानंतरच त्यावर चिकित्सा करावी, असा संकेत तेथे दिला आहे. रक्तगुल्म म्हणजे आजचा फायब्रॉइडच, असे समीकरण मांडणे इतिहासलेखनाच्या शिस्तीला धरून होणार नाही. तथापि गाठ आणि गर्भ यांतील भेद ओळखणे कठीण आहे, याची जाणीव त्या संकेतात स्पष्ट दिसते.

आधुनिक शरीरविकृतिशास्त्रात लंडनच्या मॅथ्यू बेली यांनी १७९३ मध्ये या गाठींचे वर्णन केले. या गाठी गर्भाशयाच्या स्नायूपेशींपासून निर्माण होतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी दाखवून दिले. त्यामुळे त्यांना 'मायोमा' हे नाव मिळाले. या गाठी कर्करोगाच्या नसतात, स्त्रीसंप्रेरकांच्या प्रभावाखाली वाढतात आणि रजोनिवृत्तीनंतर बहुधा आकसतात, ही तीन तथ्ये पुढील सर्व उपचारांचा पाया आहेत. गाठ कोठे आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. गर्भाशयाच्या आतील अस्तराखालची सुपारीएवढी गाठ प्रचंड रक्तस्राव घडवू शकते, तर बाहेरच्या बाजूस वाढलेली नारळाएवढी गाठ अनेकदा केवळ जडपणा निर्माण करते.

पोट उघडण्याचे धाडस :

पोट उघडून गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया प्रारंभी चुकीच्या निदानातून घडली. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे चार्ल्स क्ले यांनी नोव्हेंबर १८४३ मध्ये अंडाशयाची गाठ समजून एका स्त्रीचे पोट उघडले, तेव्हा तेथे गर्भाशयाची गाठ आढळली. गर्भाशयाचा मोठा भाग काढण्यात आला, परंतु ती स्त्री वाचली नाही. त्यानंतर दहा वर्षांनी, जून १८५३ मध्ये, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल या गावी वॉल्टर बर्नहॅम यांच्याकडून अशीच शस्त्रक्रिया अनपेक्षितपणे घडली आणि रुग्ण वाचली. त्याच गावातील गिलमन किंबॉल यांनी सप्टेंबर १८५३ मध्ये गाठीचे निदान आधी करून, ठरवून गर्भाशय काढले आणि ती स्त्रीही वाचली.

या यशाचा अर्थ मर्यादितच होता. भूल देण्याची पद्धत १८४६ मध्ये प्रचारात आली असली, तरी जंतुनाशनाचा जोसेफ लिस्टर यांचा सिद्धांत १८६७ पर्यंत पुढे यावयाचा होता. त्यामुळे या काळातील बहुतेक रुग्ण रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने दगावत. जी स्त्री या शस्त्रक्रियेला तयार होई, तिच्यापुढे दोनच वाटा असत. एक, रक्तस्रावाने हळूहळू क्षीण होणे आणि दुसरी, शस्त्रक्रियेच्या मेजावर मृत्यूचा धोका पत्करणे. निवड होती, परंतु ती दोन संकटांमधील होती.

या भयामुळे इतर मार्गांचाही शोध सुरू झाला. १८७० च्या दशकात अंडाशये काढल्यास गाठी आकसतात, असे अनुभवाला आल्याने काही शल्यचिकित्सकांनी तो मार्ग अनुसरला. १८८० च्या दशकात पॅरिसच्या जॉर्ज ॲपोस्टोली यांनी विद्युतप्रवाहाचा उपचार प्रचारात आणला. एडिंबरो येथील ख्यातनाम शल्यचिकित्सक थॉमस कीथ यांनी तर गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया बाजूस ठेवून या विद्युतोपचाराचा पुरस्कार केला. विसाव्या शतकाच्या आरंभी क्षकिरण व रेडियम यांचाही उपयोग झाला. हे उपचार काळाच्या ओघात मागे पडले. परंतु शस्त्रक्रिया टाळता यावी, ही इच्छा आधुनिक काळाची देणगी नसून ती या आजाराच्या उपचारांइतकीच जुनी आहे, हे त्यांवरून दिसून येते.

गर्भाशय राखण्याचा विचार :

केवळ गाठ काढून गर्भाशय राखणे, म्हणजे मायोमेक्टॉमी, ही कल्पना गर्भाशय काढण्याच्या यशस्वी शस्त्रक्रियेपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर येथे वॉशिंग्टन ॲटली आणि जॉन ॲटली या बंधूंनी १८४४ मध्ये पोट उघडून अशी गाठ यशस्वीपणे काढली होती. असे असूनही पुढील अर्धशतकात ही पद्धत रुजली नाही. जंतुनाशनाच्या तंत्रामुळे गर्भाशय काढणे जसजसे सुरक्षित होत गेले, तसतसे ते अधिक सोपे, अधिक जलद आणि म्हणून अधिक श्रेयस्कर मानले जाऊ लागले. गाठी एकेक करून काढताना रक्तस्राव अधिक होई आणि त्या पुन्हा उद्भवण्याची शक्यताही राही. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने हा युक्तिवाद अचूक होता. स्त्रीच्या दृष्टीने तो अपूर्ण होता.

हा अपुरेपणा ज्यांना स्वतःच्या घरात जाणवला, ते लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील शल्यचिकित्सक व्हिक्टर बॉनी (१८७२–१९५३) होत. त्यांच्या पत्नीला फायब्रॉइडमुळे तीव्र रक्तस्राव व पांडुरोग झाला आणि तरुण वयातच तिचे गर्भाशय काढावे लागले. या दांपत्याला अपत्य झाले नाही. ती शस्त्रक्रिया त्या काळच्या ज्ञानानुसार योग्य आणि प्राणरक्षक होती. मात्र बॉनी यांनी पुढील आयुष्य गाठी काढून गर्भाशय राखण्याचे तंत्र विकसित करण्यास वाहिले. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तपुरवठा तात्पुरता रोखणारा विशेष चिमटा त्यांनी तयार केला. एकाच गर्भाशयातून २२५ गाठी काढल्याची त्यांची नोंद प्रसिद्ध आहे. शेकडो स्त्रियांवरील अनुभवाच्या आधारे त्यांनी १९४६ मध्ये या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अवयवाचे कार्य न गमावता रोग बरा करणे हेच शल्यशास्त्राचे उच्चतम ध्येय होय, अशी त्यांची भूमिका होती.

बॉनी यांना समकालीनांचा विरोध सहन करावा लागला. मुले झालेल्या स्त्रीला गर्भाशयाची आवश्यकता काय, हा प्रश्न त्या काळी सहज विचारला जाई. आजही तो महाराष्ट्रातील अनेक दवाखान्यांत जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येतो. तंत्र बदलले तरी दृष्टिकोन त्याच गतीने बदलत नाही, हा येथील महत्त्वाचा ऐतिहासिक धडा होय.

पर्यायांचा विस्तार :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पर्यायांची संख्या झपाट्याने वाढली. दुर्बिणीद्वारे गाठ काढण्याची पद्धत जर्मनीतील कुर्ट झेम यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणली. गर्भाशयाच्या आत दुर्बीण घालून अस्तराखालची गाठ काढणेही शक्य झाले. पॅरिस येथे जाक रॅव्हिना आणि त्यांचे सहकारी शस्त्रक्रियेपूर्वी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून गर्भाशयाकडे जाणाऱ्या धमन्या सूक्ष्म कणांनी बंद करीत असत. त्यानंतर अनेक स्त्रियांचा त्रास एवढा कमी झाला की नियोजित शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही. ही निरीक्षणे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि 'एम्बोलायझेशन' हा स्वतंत्र उपचार म्हणून पुढे आला. अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये हा उपचार करून घेतल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले, तेव्हा सर्वसामान्य वाचकांनाही त्याचा परिचय झाला. त्याच वर्षी चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने ध्वनिलहरी केंद्रित करून गाठ जाळण्याच्या पद्धतीला अमेरिकेत मान्यता मिळाली.

औषधोपचारांतही प्रगती झाली. रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झामिक ॲसिड आणि संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधने यांचा उपयोग होऊ लागला. शस्त्रक्रियेपूर्वी गाठी आकसवणारी इंजेक्शने आली आणि २०२०–२१ मध्ये अमेरिकेत तोंडावाटे घ्यावयाच्या संयुक्त गोळ्यांना मान्यता मिळाली.

या विस्ताराला दुसरी बाजूही आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गाठीचे बारीक तुकडे करून ते बाहेर काढणारे यंत्र वापरले जाई. फायब्रॉइड समजलेली गाठ क्वचित कर्करोगाची निघाल्यास त्या यंत्रामुळे रोग पोटभर पसरू शकतो, असे निदर्शनास आले. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांपैकी एकीत असा न ओळखलेला कर्करोग असू शकतो, असा अंदाज देऊन या यंत्राच्या वापराविरुद्ध सावधगिरीचा इशारा दिला. युरोपात २०१२ मध्ये मान्यता मिळालेल्या युलिप्रिस्टल या औषधामुळे यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणे समोर आली आणि २०२० मध्ये त्याच्या वापरावर कडक मर्यादा आल्या. नवीन उपचार हा नवीन असल्यामुळे श्रेष्ठ ठरत नाही, हे या दोन घटनांनी अधोरेखित केले.

तुलनात्मक अभ्यासांनीही एकच उत्तर दिलेले नाही. ब्रिटनमधील २००७ च्या एका अभ्यासात एम्बोलायझेशन आणि शस्त्रक्रिया यांनंतर वर्षभराने स्त्रियांच्या जीवनमानात लक्षणीय फरक आढळला नाही. एम्बोलायझेशननंतर स्त्रिया लवकर कामावर परतल्या, परंतु त्यांच्यापैकी काहींना पुन्हा उपचार घ्यावे लागले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या ब्रिटिश अभ्यासात, गर्भाशय राखू इच्छिणाऱ्या स्त्रियांमध्ये गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे जीवनमान दोन वर्षांनी एम्बोलायझेशनपेक्षा अधिक चांगले आढळले. याचा अर्थ असा की, कोणता उपचार उत्तम या प्रश्नाचे उत्तर स्त्रीचे वय, अपत्याची इच्छा, गाठीचे स्थान, रजोनिवृत्ती किती दूर आहे आणि तिला काय सोसणे शक्य आहे, यांवर अवलंबून असते. यांपैकी निम्मी माहिती सोनोग्राफीत दिसते, उरलेली केवळ त्या स्त्रीला विचारूनच मिळते.

भारतीय संदर्भ : तक्रारीपासून संमतीपर्यंत :

भारतात या इतिहासाचा पहिला अडसर उपचाराचा नव्हे, तर तक्रार सांगण्याचा होता. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास स्त्रिया तयार नसत. ही अडचण ओळखून पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या देणगीतून मुंबईत उभारलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. स्त्री डॉक्टरांनी चालविलेल्या या रुग्णालयाची धुरा एडिथ पेची यांच्याकडे होती. स्त्रीला आपले दुखणे सांगता यावे, अशी जागा निर्माण करणे हीच त्या काळातील मोठी सुधारणा होती.

मात्र दुखणे सांगितल्यानंतर निर्णय कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न पुढील शतकभर अनुत्तरित राहिला. त्याचे कायदेशीर उत्तर १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिले. दीर्घकाळ चाललेल्या रक्तस्रावाची तक्रार घेऊन गेलेल्या एका अविवाहित स्त्रीने केवळ दुर्बिणीद्वारे तपासणीस संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशये काढण्यात आली. या प्रकरणातील विकार फायब्रॉइड नव्हता, तरी घालून दिलेले तत्त्व येथे पूर्णतः लागू होते. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. जिवावरचे संकट नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने अन्य कोणी संमती देऊ शकत नाही. उपचाराचे स्वरूप, धोके, उपलब्ध पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती तिला दिली पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

बीड जिल्ह्याचा अनुभव :

कायद्याने मान्य झालेला हा अधिकार प्रत्यक्षात कोठवर पोहोचला, याची कसोटी महाराष्ट्रात २०१९ मध्ये लागली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याचे प्रमाण मोठे असल्याची चर्चा झाल्यानंतर राज्य शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. २०१५–१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांचे देशपातळीवरील प्रमाण सुमारे ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील लोकसमूह आणि वयोगट भिन्न असल्यामुळे त्यांची काटेकोर तुलना करता येत नाही, तरीही तफावत दुर्लक्षिण्यासारखी नाही.

या तफावतीचे मूळ केवळ वैद्यकीय नाही. ऊसतोडीला पती-पत्नीची जोडी 'एक कोयता' म्हणून धरली जाते. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामावरचा खाडा म्हणजे अंगावर चढणारा दंड असतो. फडावर पाणी, शौचालय, विश्रांती यांची सोय नसते. बालवयात लग्न, लवकर बाळंतपणे आणि उपचाराविना राहिलेले जंतुसंसर्ग यांमुळे पोटदुखी व रक्तस्राव नित्याचे होतात. अशा स्थितीत महिनोन्महिने गोळ्या घेणे, पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करणे किंवा रजोनिवृत्तीची वाट पाहणे हे पर्याय कागदावरच राहतात. त्यातच, पिशवीत गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असे भय घातले गेले की कर्ज काढून शस्त्रक्रिया केली जाते. वस्तुतः फायब्रॉइडचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत दुर्मीळ आहे. उलट तरुण वयात गर्भाशयासोबत अंडाशयेही काढल्यास अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडांची झीज व हृदयविकार यांचा धोका वाढतो. म्हणजे जी शस्त्रक्रिया काम करता यावे म्हणून केली जाते, तीच पुढे काम करण्याची शक्ती हिरावून घेते.

बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान येथील अनावश्यक शस्त्रक्रियांसंबंधीच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि केंद्र शासनाने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असे निर्देश दिले. पर्याय देण्याची जबाबदारी केवळ डॉक्टरांच्या सद्भावनेवर न सोडता ती शासनव्यवस्थेवर टाकण्याच्या दृष्टीने हा निकाल महत्त्वाचा आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, फायब्रॉइडवरील उपचारांचा इतिहास हा एका सरळ रेषेत पुढे गेलेला नाही. गर्भाशय राखणारी शस्त्रक्रिया १८४४ मध्ये शक्य झाली होती, परंतु ती प्रतिष्ठित होण्यास शतक लागले. पर्याय एकविसाव्या शतकात विपुल झाले, परंतु त्यांचा लाभ वेळ, पैसा आणि माहिती हाती असलेल्या स्त्रियांपुरताच मोठ्या प्रमाणात राहिला.

येथे दोन स्त्रियांची स्थिती शेजारी ठेवून पाहता येते. विसाव्या शतकाच्या आरंभी बॉनी यांच्या पत्नीचे गर्भाशय काढण्यात आले, कारण त्या काळी दुसरा खात्रीचा उपाय नव्हता. शंभराहून अधिक वर्षांनी बीडमधील तिशीतल्या स्त्रीचे गर्भाशय काढण्यात येते, तेव्हा उपाय असतात, पण ते तिच्यासाठी नसतात. दोघींवर झालेली शस्त्रक्रिया एकच. पहिलीच्या प्रसंगी मर्यादा विज्ञानाची होती, दुसरीच्या प्रसंगी ती समाजाची आहे.

गर्भाशय काढणे हा उपचार त्याज्य नाही. अनेक स्त्रियांना त्याने वर्षानुवर्षांच्या त्रासातून मुक्त केले आहे आणि माहितीअंती तो निवडण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो क्रमाचा. प्रथम निदान, नंतर सर्व पर्यायांची समजेल अशा भाषेत माहिती, वाट पाहण्यासारखी स्थिती असल्यास वाट पाहण्याची मुभा आणि शेवटी निर्णय, हा क्रम पाळला गेला पाहिजे. त्यासाठी तालुका पातळीवर सोनोग्राफी व औषधोपचारांची सोय, पांडुरोगावरील उपचार, पाळीच्या काळात खाड्याशिवाय विश्रांती आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळण्याची व्यवस्था आवश्यक आहे. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, स्त्री-अभ्यास केंद्रे आणि आरोग्यविषयक उपक्रम यांतून ही माहिती गावपातळीवर नेण्याचे कार्य अध्यापकवर्गही करू शकतो. 'पिशवी काढून टाका' या वाक्याला 'आणखी काय करता येईल?' असा प्रश्न विचारण्याचे बळ प्रत्येक स्त्रीला मिळेल, तेव्हाच या इतिहासाचा पुढचा टप्पा सुरू झाला, असे म्हणता येईल.